जीएच आणि केएच: श्रिम्पच्या टाकीतले दोन वेगळे आकडे

पुण्या-ठाण्याकडच्या बऱ्याच नव्या सोसायट्यांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी सॉफ्टनरमधून (पाण्याचा जडपणा काढणाऱ्या यंत्रातून) जाऊन नळाला येतं. अशा पाण्यावर कुणीतरी हौसेने श्रिम्पची, म्हणजे गोड्या पाण्यातल्या शोभेच्या छोट्या कोळंबीची, टाकी लावतो. खाली बागेतली माती, वर वाळूचा थर, जावा मॉस आणि थोडी वॅलिसनेरिया या पाणवनस्पती, एक स्पंज फिल्टर. महिनाभर टाकी मुरू देतो आणि मग चेरी श्रिम्प सोडतो. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारा) ४५० दाखवतो, केएच (बायकार्बोनेटचं माप) १२ येतो. क्षार भरपूर आहेत म्हणून गडी निर्धास्त. पण काही आठवड्यांत एकेक श्रिम्प मरायला लागते, आणि नेमकी कात टाकताना. मग सल्ला मिळतो: पाणी फार जड आहे, आरओचं मिसळ. मिसळून बघितलं तरी मरणं थांबत नाही.

कारण ते पाणी जड नाहीच. त्याचा जीएच शून्याच्या जवळ आहे. केएच १२ आणि जीएच शून्य, हे एकाच पाण्यात खुशाल होऊ शकतं, आणि हे मान्य होईपर्यंत पुढचं काहीच नीट कळत नाही.

जीएच म्हणजे पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून किती आहे त्याचं माप. बस, एवढंच. केएच म्हणजे कार्बोनेट आणि मुख्यतः बायकार्बोनेट किती आहे, म्हणजे आम्ल पचवायची पाण्याची ताकद किती, त्याचं माप. एक धातू मोजतो, दुसरा त्या धातूंच्या सोबत आलेली जोडीदार मंडळी. दोन्ही जर्मन अंशांत मोजतात आणि दोन्हींना 'हार्डनेस'च म्हणतात, म्हणून केएच हा जीएचचाच एक तुकडा असावा असं वाटतं. चुनखडीतून किंवा आपल्या दख्खनच्या बेसाल्टातून झिरपून आलेल्या पाण्यात हा गैरसमज खपूनही जातो. तिथे कॅल्शियम, मॅग्नेशियम येतात ते बहुतेक बायकार्बोनेटचा हात धरूनच, त्यामुळे दोन्ही आकडे जवळजवळ येतात आणि एक मोजला तरी दुसऱ्याचा अंदाज बरोबर निघतो. मुंबईच्या तलावांच्या पाण्यातही तेच, फक्त दोन्ही आकडे खालच्या अंगाला.

ही जोडी फुटते ती माणसाने मध्ये हात घातल्यावर. सॉफ्टनरमधलं रेझिन कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. बायकार्बोनेटला ते शिवतही नाही. म्हणून जीएच कोसळतो, केएच जागच्या जागी, आणि टीडीएसही जवळपास तेवढाच. टीडीएस मीटर तर बिचारा विजेचं वहन बघतो. समोर कॅल्शियम आहे की सोडियम, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. श्रिम्पसाठी टीडीएसवर विसंबणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ.

श्रिम्पला जीएच कशाला लागतो ते कात टाकताना दिसतं. नीट टाकलेली कात मॉसवर पारदर्शक, पोकळ, मिशांसकट पडलेली सापडते. नवखे तिला मेलेली श्रिम्प समजून काढून टाकतात. काढू नये, बाकीच्या ती कुरतडून खातात. जुनं कवच फाटतं ते डोकं-छातीचा भाग आणि पोट यांच्या सांध्यावर, पाठीकडून. त्या फटीतून श्रिम्प एका झटक्यात बाहेर येते आणि मऊ अंगाने कुठेतरी पानाखाली दडून बसते. नवं कवच टणक व्हायला लागणाऱ्या कॅल्शियमचा मोठा वाटा ती पाण्यातून ओढते. पाण्यात ते नसेल तर हा सगळा व्यवहार बिघडतो. मानेशी अंगाभोवती पांढरी कडी दिसते, श्रिम्प अर्धी बाहेर, अर्धी आत अडकते आणि एक-दोन दिवसांत जाते. अशी कडी दिसली की आधी जीएच मोजायचा. केएच कितीही असला तरी इथे कामाचा नाही. जीएच फार वर गेला तरी कात अडकू शकते, किंवा एकदम मोठा पाणीबदल केला तरी. पण आपल्याकडे सॉफ्टनरच्या आणि आरओच्या घरांत बहुधा कमतरताच असते.

केएचचं काम वेगळं. टाकीत अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू जे आम्ल तयार करतात ते केएच गिळतो. हिशोब असा, की एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे साधारण सात मिलिग्रॅम क्षारता (म्हणजे केएचच, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात) खर्च होते. थोड्या श्रिम्प आणि भरपूर झाडं असतील तर हे फार सावकाश चालतं, पण केएच मुळातच एकच्या खाली असेल आणि खाली कुजणारी माती असेल तर पीएच हळूहळू घसरतो, आणि जिवाणूंचं कामही मंदावतं. सीओटू (कार्बन डायऑक्साइड) न देता चालवलेल्या टाकीत आणखी एक गोष्ट: वॅलिसनेरिया, हायड्रिला ही झाडं बायकार्बोनेटमधला कार्बन वापरू शकतात, मॉस सहसा नाही. म्हणून केएच बरा असलेल्या बोअरच्या पाण्यात वॅलिसनेरिया कशी माजते ते बघण्यासारखं असतं.

आता भर घालायची वेळ येते तेव्हा गोंधळाची खरी किंमत मोजावी लागते. पक्ष्यांच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस, शिंपले, कोरलचे तुकडे हे कॅल्शियम कार्बोनेट. विरघळले तर जीएच आणि केएच दोन्ही वाढवतात. पण विरघळायला पाणी थोडं आम्ल लागतं. सॉफ्टनरच्या पाण्याचा पीएच आठच्या आसपास, केएच आधीच वर. त्यात समुद्रफेस महिनाभर ठेवला तरी बहुधा जसाच्या तसा निघतो. लोक तो ठेवतात आणि आपण कॅल्शियम दिलं म्हणून समाधानी राहतात. खायचा सोडा फक्त केएच वाढवतो. जिप्सम आणि मॅग्नेशियम सल्फेट (एप्सम सॉल्ट) फक्त जीएच वाढवतात, कारण त्यांत कार्बोनेटच नाही. इथे सल्फेट जोडीदार असतो, आणि केएच किट त्याला मोजत नाही.

सॉफ्टनरवाल्या घरात माझ्या मते सॉफ्टनरच्या पाण्याची डागडुजी करत बसू नये, सोडियम त्यात राहतोच. आरओचं पाणी घ्यावं आणि त्यात हवं ते घालावं. मात्र घरच्या प्युरिफायरला टीडीएस कंट्रोलर असेल तर तो मूळचंच पाणी परत मिसळतो, तेव्हा आधी तो बंद करून घ्यायचा. २० लिटर आरओ पाण्याला अडीच ग्रॅम जिप्सम आणि पावणेदोन ग्रॅम एप्सम सॉल्ट घातलं की जीएच सहाच्या आसपास येतो. त्यात सव्वा ग्रॅम खायचा सोडा घातला की केएच दोनच्या जरा वर. जिप्सम आळशी, पटकन विरघळत नाही; बादलीत रात्रभर एअर पंप लावून ठेवावं. प्लास्टर ऑफ पॅरिस हे त्याचंच भाजलेलं भावंड असलं तरी ते घालू नये, आणि शेतीसाठी पोत्याने मिळणारं जिप्समही नको, त्यात माती-कचरा बराच असतो. सोनाराकडे असतो तसा बारीक वजनाचा काटा नसेल तर निदान ०.१ ग्रॅमपर्यंतचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा मिळवावा. चमच्याने हे काम करू नये.

चेरीसाठी जीएच ६ ते १० आणि केएच २ ते ६ ठेवला की सुखाने चालतं. त्या जातीचं एकच बरं आहे, थोडं इकडेतिकडे झालं तरी ती तक्रार करत नाही, रोज बदलणारे आकडे मात्र तिला सोसत नाहीत. क्रिस्टल रेड या दुसऱ्या श्रिम्पचा मामला निराळा. तिला जीएच ४ ते ६ हवा, पण केएच जवळजवळ शून्य आणि पीएच सहाच्या वर थोडासा. तिच्यासाठी बागेची माती न घेता ॲक्वासॉइल (टाक्यांसाठी विकत मिळणारी तयार माती) घेतात, कारण ते मुद्दाम केएच खाऊन टाकतं. तेच ॲक्वासॉइल चेरीच्या टाकीत घालून वरून केएच वाढवत बसणाऱ्यांचं काम काही संपत नाही. एका हाताने भरायचं आणि दुसऱ्या हाताने सांडायचं.

मोजायला थेंबांचं किट घ्या, पट्ट्या जीएच अंदाजे सांगतात. ५ मिली पाण्यात थेंब मोजत जायचं: जीएचचा रंग बहुतेक किटांत नारिंगीचा हिरवा होतो, केएचचा निळ्याचा पिवळा. जितके थेंब तितके अंश. १० मिली घेतलं तर आलेल्या आकड्याचं निम्मं, आणि अर्ध्या अंशापर्यंत कळतं. किट नसेल तर सोसायटीच्या पाण्याचा लॅब रिपोर्ट मागा. त्यात 'टोटल हार्डनेस' आणि 'अल्कलिनिटी' असे दोन वेगळे रकाने असतात, दोन्ही मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. १८ ने भागलं की पहिला जीएच, दुसरा केएच. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात दोन्हींची पसंतीची मर्यादा २०० आहे, म्हणजे सुमारे ११ अंश. त्याच्या जरा खाली असलेलं पाणी चेरीला सहज चालतं, फक्त रिपोर्ट सॉफ्टनरच्या आधीचा आहे की नंतरचा ते विचारून घ्या.

उन्हाळ्यात पाणी आटतं तेव्हा क्षार टाकीतच राहतात. आटलेलं पाणी आरओनेच भरायचं, मिसळलेल्या पाण्याने नाही, नाहीतर मे संपता संपता दोन्ही आकडे चढलेले सापडतात. मिसळलेलं पाणी पाणीबदलासाठी, तेही दर आठवड्याला टाकीच्या दहा टक्क्यांहून जास्त नाही.