हॅमस्ट्रिंगचे उखडलेले टेंडन: दोन सेंटिमीटरच्या निकषाची पार्श्वभूमी

पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावण्याचा सराव करणाऱ्या नाशिकच्या मुलांना मांडीमागची शिर धरणे नवीन नाही. यांतील बहुतेक दुखापती स्नायूच्या मांसल भागात होतात आणि विश्रांती व व्यायामाने बऱ्या होतात. शस्त्रक्रिया करावी की नाही हा वाद आहे तो हॅमस्ट्रिंगचे, म्हणजे मांडीमागच्या तीन स्नायूंचे, टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) बैठकीच्या हाडापासून उखडते त्या इजेबद्दल. गुडघा ताठ असताना कंबर एकाएकी पुढे वाकली की टेंडनवर हा ताण येतो. त्यामुळे मैदानावरच्या खेळाडूंइतकीच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, ही इजा गोदाघाटासारख्या शेवाळलेल्या पायरीवर एक पाय पुढे घसरलेल्या मध्यमवयीन माणसांत आढळते.

वैद्यकीय साहित्यात ही इजा प्रथम ठळकपणे आली ती पाण्यावर स्कीइंग करणाऱ्यांमुळे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून टेंडन पुन्हा हाडाला शिवल्याच्या एक-दोन रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध होऊ लागल्या. १९९६ मध्ये अशा १२ स्कीइंगपटूंचा अभ्यास आला आणि मोठी इजा झालेल्यांना खेळात पूर्वीची पातळी गाठणे जड गेल्याचे त्यात दिसले. २००८ मध्ये ७२ शस्त्रक्रियांची मालिका प्रसिद्ध झाली व तिच्यासोबत इजेचे पाच प्रकारांत वर्गीकरण रूढ झाले. त्यात सायटिक नसेच्या, म्हणजे टेंडनशेजारून पायात उतरणाऱ्या मोठ्या मज्जातंतूच्या, सहभागाचाही विचार होता.

याच काळात आढावा लेखांमधून एक निकष पक्का होत गेला: तिन्ही टेंडन तुटली असतील, किंवा दोन तुटून २ सेंटिमीटरहून अधिक खाली सरकली असतील, तर शस्त्रक्रिया करावी. पुढची पंधरा-वीस वर्षे अस्थिरोगतज्ज्ञांच्या निर्णयावर या आकड्याचा जेवढा प्रभाव राहिला, तेवढा त्यामागे पुरावा नव्हता. अमुक अंतरापलीकडे टेंडन आपणहून पुरेसे जुळत नाही, असे रुग्णांची यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखी) विभागणी करून कोणी तपासलेले नव्हते. तो अनुभवी शल्यचिकित्सकांचा अंदाज होता आणि वारंवार उद्धृत होऊन त्याला नियमाचे वजन आले. शिवाय निकषाचे दोन्ही घटक दिसतात तितके सरळ नाहीत. तीनपैकी दोन स्नायूंची टेंडन हाडावर एकाच सामाईक मुळातून निघतात व तिसरे शेजारून स्वतंत्रपणे निघते. म्हणजे केवळ सामाईक मूळ उखडले, तरी अहवालात 'दोन टेंडन तुटली' असे लिहिले जाऊ शकते. अंतराचेही तसेच आहे. रुग्ण आडवा असताना काढलेल्या एमआरआयवर, साकळलेल्या रक्तातून टेंडनचे टोक ओळखून मोजलेले २ सेंटिमीटर आणि २.४ सेंटिमीटर यांतील फरकावर भूल द्यायची की नाही हे ठरवणे हा मोजमापावर टाकलेला जरा जास्तच विश्वास म्हणावा लागेल.

शस्त्रक्रियेच्या बाजूने झुकलेल्या जुन्या आढाव्यांची मोठी अडचण तुलनेची होती. शस्त्रक्रिया झालेल्यांच्या नोंदी शेकड्यांत होत्या आणि न झालेले मोजकेच होते. त्यातही अनेकांचे निदान उशिरा झालेले. तरुण, तंदुरुस्त व लवकर पोहोचलेला रुग्ण शस्त्रक्रियेकडे गेला, तर त्याच्या चांगल्या निकालाचे श्रेय टाक्यांना किती द्यायचे, हा प्रश्न उरतोच. मांडीमागचा बधिरपणा, जखमेतील जंतुसंसर्ग, पायातील रक्ताची गुठळी हे धोकेही होतेच.

२०२२ मध्ये नेदरलँड्समधून आलेल्या अभ्यासात रुग्ण व डॉक्टर यांनी मिळून उपचार निवडले होते आणि वर्षभरानंतर दोन्ही गटांची स्थिती तुल्य आढळली. निर्णायक भर पडली ती २०२४ मध्ये. उत्तर युरोपात ३० ते ७० वयोगटातील ११९ रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून दोन वर्षे पाठपुरावा केला गेला. रुग्णांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावलीच्या गुणांनुसार शस्त्रक्रियेविना उपचार शस्त्रक्रियेपेक्षा कमी ठरले नाहीत. शरीररचनेच्या दृष्टीने हे अगदीच अनपेक्षित नव्हते, कारण गुडघा वाकवणारे इतर स्नायू शाबूत असतात आणि हॅमस्ट्रिंगपैकी एक असलेल्या मांडीच्या बायसेप्स स्नायूचा जो आखूड भाग मांडीच्या हाडापासून निघतो, त्यालाही या इजेत धक्का लागत नाही.

मात्र हा निष्कर्ष विशीतल्या वेगवान धावपटूला जसाच्या तसा लावता येत नाही, कारण तो त्या वयोगटात नव्हता. शाळकरी मुलांत टेंडनऐवजी हाडाचा तुकडाच निघतो. तो तर वेगळाच विषय आहे. उशिराचा प्रश्नही शिल्लक आहे. चार-सहा आठवडे उलटल्यावर टेंडन आखडते, भोवती व्रण तयार होतो आणि त्यात सायटिक नस चिकटू शकते. त्यामुळे आधी व्यायामोपचार घेऊन नंतर शस्त्रक्रियेकडे वळणाऱ्याची शस्त्रक्रिया अधिक अवघड होते व काही वेळा टेंडनचे कलम (दुसरीकडून घेतलेला तुकडा) वापरावे लागते. नाशिकच्या ग्रामीण तालुक्यांतून शहरात येणारा रुग्ण बऱ्याचदा मालिशीत हेच आठवडे घालवून आलेला असतो. बसताना टोचणे कायम राहिले किंवा पाय सुन्न पडू लागला, तर अशा रुग्णासाठी उशिराची शस्त्रक्रिया आजही विचारात घेतली जाते.