विमानातून हाडात आलेला धातू

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात औसा तालुक्यातल्या आमच्या काकांच्या मांडीवर माळवदाची भिंत कोसळली. हाड जोडायला डॉक्टरांनी स्टीलची पट्टी आणि स्क्रू टाकले. पुढे पट्टी काढली तेव्हा ती कापसात गुंडाळून काकांच्या हातात दिली. काकूंनी ती अजून पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली आहे. पट्टी चकचकीत आहे, पण स्क्रूच्या भोकांच्या कडेला तपकिरी डाग आहेत. स्टेनलेस म्हणवणाऱ्या पोलादाला शरीरात डाग पडतातच कसे, याच्या मागे मी लागलो तो ती पट्टी पाहून.

हाडाभोवतीचा द्रव खारट असतो. स्क्रूचं डोकं पट्टीवर घासतं तिथं पोलादाचा संरक्षक थर खरवडला जातो. त्या फटीत प्राणवायू पुरेसा पोचत नाही, थर पुन्हा धरत नाही आणि धातू विरघळू लागतो. त्यातलं निकेल काहींना सोसत नाही. खोट्या कानातल्यांनी कान चिघळतात, त्यामागंही बहुधा निकेलच असतं.

पोलादाला पर्याय मिळाला तो टायटॅनियम या धातूचा. त्याच्यावरचा ऑक्साइडचा संरक्षक थर अतिशय पातळ, पण ओरखडा पडला की क्षणात पुन्हा धरणारा. १९४० मध्येच मांजरांच्या मांडीच्या हाडात हा धातू बसवून पाहिला गेला आणि शरीरानं तो सोसला. पण धातूच दुर्मीळ होता. लक्झेंबर्गच्या विल्यम क्रोल यांनी मॅग्नेशियम वापरून तो काढायची रीत त्याच सुमारास बसवली होती, आणि मोठं उत्पादन सुरू झालं ते विमानांसाठी. १९५० च्या दशकात अमेरिकेत टायटॅनियममध्ये ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम घातलेला मिश्रधातू (टीआय-६एएल-४व्ही) तयार झाला. तो बनवणाऱ्यांच्या मनात माणसाचं हाड नव्हतं. हलका आणि ताकदीचा म्हणून डॉक्टरांनी तो पुढे उचलला, आणि आजही खुब्यात, मांडीत, मणक्यात बहुधा तोच असतो.

दरम्यान स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी १९५२ मध्ये सशाच्या पायात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काढायला घेतलं, तर ते निघेना. हाड त्याला घट्ट धरून बसलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी याच आधारानं माणसाच्या जबड्यात दात बसवले.

शंका आली ती व्हॅनेडियमची. प्रयोगशाळेत पेशींना ते विषारी ठरलं. हा मिश्रधातू अंगात घेऊन वर्षानुवर्षं चालणारे असंख्य रुग्ण आहेत, म्हणून घाबरवण्याचं कारण नाही. पण टाळता येण्यासारखं विष कशाला ठेवायचं? स्वित्झर्लंडमध्ये व्हॅनेडियमच्या जागी नायोबियम हा धातू ७ टक्के आला आणि १९८० च्या दशकात तो मिश्रधातू खुब्याच्या शस्त्रक्रियेत वापरात आला. ॲल्युमिनियम मात्र तसंच राहिलं.

माझ्या मते खरी अडचण ताठपणाची आहे. गिगापास्कल या मापात हाडाचा ताठपणा साधारण १० ते ३०, पोलादाचा सुमारे २००, विमानवाल्या टायटॅनियमचा ११०. जोडीतला एक बैल सगळा भार ओढू लागला की दुसरा अंग चोरतो. मांडीत ताठ रॉड बसला की हाडाचंही तसंच होतं: वजन पडत नाही म्हणून ते विरळ होत जातं. म्हणून १९९० च्या दशकात नायोबियम, झिर्कोनियम, टँटलम यांच्या जोडीनं ॲल्युमिनियम आणि व्हॅनेडियम दोन्ही वगळलेले मिश्रधातू आले. १३ टक्के नायोबियम आणि १३ टक्के झिर्कोनियम असलेल्याचा ताठपणा ८० च्या आसपास, जपानी संशोधकांच्या एका मिश्रधातूचा ६० च्या आसपास. पण ताठपणा उतरवताना ताकद सांभाळावी लागते. पावलागणिक वाकणारा रॉड थकून तुटला तर रुग्ण पुन्हा टेबलावर. शिवाय टायटॅनियम घर्षणाला कच्चं. खुब्याचा गोळा त्याचा केला तर काळा चुरा सुटतो, म्हणून गोळा कोबाल्ट-क्रोम किंवा सिरॅमिकचा घेतात.

कच्चा माल आपल्याकडे आहे. केरळमध्ये चवरच्या किनाऱ्यावर इल्मेनाइट या टायटॅनियमच्या खनिजाची वाळू आहे. लातूर-नांदेडची माणसं मोठ्या उपचारांसाठी ज्या हैदराबादला जातात, तिथंच १९७३ मध्ये स्थापन झालेली मिधानी ही सरकारी कंपनी टायटॅनियमचे मिश्रधातू बनवते.

नव्या मिश्रधातूंची वाट मात्र भट्टीत अडते. टायटॅनियम १,६६८ अंशाला वितळतं, नायोबियमला सुमारे २,४७७ अंश लागतात, टँटलमला ३,००० च्या वर. एकाचं पाणी झालं तरी दुसऱ्याचे खडे शिल्लक, आणि असा एक खडा रॉडमध्ये राहिला तर तडा तिथूनच जातो. त्यामुळं पुन्हा पुन्हा वितळवावं लागतं, आणि खर्च वाढत जातो. गेल्या वर्षी काकूंचा खुबा मोडला. त्यांच्या फाइलवर चिकटवलेल्या स्टिकरवर धातूचं नाव होतं: टीआय-६एएल-४व्ही.