नेव्ही कोअरमन (पॅसिफिक युद्ध, १९४२–४५)

दुसऱ्या महायुद्धात मरीन सैनिकांबरोबर (समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणाऱ्या अमेरिकी दलाबरोबर) बेटाबेटांवर उतरलेला अमेरिकी नौदलाचा प्रथमोपचारक. मरीन कोअरकडे स्वतःचे डॉक्टर किंवा परिचारक नसतात, ते नौदल पुरवते. त्यामुळे या माणसाच्या अंगावर कपडे मरीनचे आणि हुद्दा मात्र नौदलाचा, 'फार्मासिस्ट्स मेट', असे. औषधांच्या दुकानातला वाटावा असा हा हुद्दा. प्रत्यक्षात तो धारण करणारी पोरे अठरा-वीस वर्षांची असत. नौदलाचे हॉस्पिटल कोअर १७ जून १८९८ रोजी स्थापन झाले. आर्मीत हेच काम करणाऱ्याला 'मेडिक' म्हणत. आपल्या नौदलात त्याच्या जवळपास येणारे पद म्हणजे मेडिकल असिस्टंट. त्यांचे प्रशिक्षण मुंबईत कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनीत होते.

कोअरमनने जखमीला बरे करावे अशी अपेक्षाच नव्हती. रक्त थांबवायचे, वेदना कमी करायची, चिठ्ठी बांधायची आणि जिवंत माणूस मागच्या डॉक्टरच्या हाती द्यायचा, एवढेच त्याचे काम.

जखमीजवळ

आधी जखमीला खड्ड्यात किंवा आडोशाला ओढायचे, मग कात्रीने कपडे कापून जखम शोधायची. इथली नेहमीची चूक म्हणजे समोरची जखम बांधून मोकळे होणे. गोळी आत शिरते तिथे बारीक भोक असते, बाहेर पडते तिथे, बहुतेकदा पाठीमागे, मोठे भगदाड असू शकते, आणि पालथे करून पाहिले नाही तर रक्त जमिनीत मुरत राहते. बहुतेक रक्तस्राव दाबपट्टीने आवरे. हातपाय तुटला असेल तर टूर्निके, म्हणजे रक्त थांबवणारा पट्टा, आवळून वेळ लिहून ठेवायची. ती मधूनमधून सैल करावी असे तेव्हा शिकवत. आज तसे करू नये असे सांगतात, कारण प्रत्येक वेळी थोडे थोडे रक्त जातेच. छातीच्या जखमेतून हवा आत ओढली जात असेल तर ती हवाबंद झाकायची. पोटात लागलेल्याने कितीही मागितले तरी पाणी द्यायचे नाही.

प्रत्येक जखमेवर सल्फानिलमाइड या जंतुरोधक औषधाची ५ ग्रॅमची पुडी फोडून पांढरी पूड भुरभुरत. सैनिकांचा या पुडीवर भारी भरवसा होता. तो अनाठायी होता असेच म्हणावे लागेल: जखमेवर टाकलेल्या पुडीचा फारसा उपयोग होत नाही, मेलेले मांस वेळेवर कापून काढणे महत्त्वाचे, हे युद्ध चालू असतानाच शल्यवैद्यांच्या ध्यानात आले.

मॉर्फिन या वेदनाशामकाचे तसे नव्हते. ते काम करी, आणि म्हणूनच जपून द्यावे लागे. टूथपेस्टच्या नळीसारखी छोटी 'सिरेट', तिच्यात अर्धा ग्रेन म्हणजे साधारण ३२ मिलिग्रॅम औषध. सुईतल्या तारेने आतले सील फोडायचे, तार काढून टाकायची, सुई कातडीखाली घालायची आणि नळी मागच्या टोकाकडून पिळत आणायची. रिकामी सिरेट जखमीच्या कॉलरला टाचायची, जमल्यास कपाळावर 'एम' काढायचा. हे विसरले की पुढचा माणूस दुसरा डोस देई. खरा धोका मात्र शॉकमध्ये गेलेल्या, म्हणजे रक्त जाऊन रक्तदाब घसरलेल्या, जखमीला होता. त्याच्या कातडीतले रक्ताभिसरण मंदावलेले असल्याने औषध जागच्या जागी पडून राही आणि वेदना थांबत नाहीत म्हणून पुन्हा टोचले जाई. मागे नेऊन प्लाझ्मा (रक्तातला पेशींविना द्रव भाग) चढवला, रक्त फिरू लागले, की साठलेले सगळे औषध एकदम अंगात भिनून श्वासच मंदावे. डोक्याला मार असेल तर याच कारणाने मॉर्फिन टाळत.

प्लाझ्मा दोन डब्यांत येई: एका बाटलीत वाळवलेली पूड, दुसरीत ऊर्ध्वपातित पाणी, सोबत नळी आणि सुया. सुरुवातीचे पाकीट २५० मिलिलिटरचे होते, पुढे ५०० चे आले. पाणी पुडीत ओढले गेले की काही मिनिटांत द्रव तयार होई. मग संगीन वाळूत रोवून रायफल उलटी उभी करायची आणि दस्त्याला बाटली टांगायची. रक्त फार गेलेल्या माणसाची शीर चपटी होऊन सापडत नाही, आणि हा खटाटोप गोळीबारात चालायचा. रॉबर्ट बुश या कोअरमनने २ मे १९४५ रोजी ओकिनावा या जपानी बेटावर एका हाताने बाटली उंच धरली आणि दुसऱ्या हाताने हल्लेखोरांवर गोळ्या झाडल्या. त्यात त्याचा एक डोळा गेला.

प्लाझ्मात तांबड्या पेशी नसतात, म्हणून तो रक्तदाब सावरतो पण प्राणवायू वाहून नेत नाही. ही उणीव भरून काढायला नोव्हेंबर १९४४ पासून ओ गटाचे रक्त बर्फात घालून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून विमानाने ग्वाम बेटावर येऊ लागले. ते २१ दिवस टिके.

रेड क्रॉसची पट्टी

ही पट्टी जपानी नेमबाजांना निशाण ठरते हे ग्वाडालकॅनाल बेटावर लवकरच कळले आणि बहुतेकांनी ती काढून टाकली. पिस्तूल किंवा कार्बाइन घेऊन फिरणे रूढ झाले. तरी खांद्यावरच्या औषधाच्या पिशव्यांनी माणूस ओळखू येईच. इवो जिमा बेटावर आठशेहून अधिक कोअरमन मेले किंवा जखमी झाले.

मागे नेणे

स्ट्रेचरला चार माणसे लागतात, आणि चार माणसे एकत्र उभी दिसली की तिथे मॉर्टर पडे. म्हणून पुष्कळदा पाँचोत (पावसाळी अंगरख्यात) गुंडाळून ओढत नेत. पुढची साखळी अशी: बटालियनचे मदत केंद्र, किनारा, उभयचर वाहन किंवा होडी, मग जहाज. साखळी कुठे तुटेल हे त्या त्या बेटावर ठरे. नोव्हेंबर १९४३ मध्ये तारावा बेटाला भरतीचे पाणी अपेक्षेएवढे चढले नाही, होड्या प्रवाळाच्या कड्याला अडकल्या आणि जखमींना रबरी तराफ्यांवर घालून कड्यापर्यंत ढकलत न्यावे लागले. इवो जिमाला काळ्या ज्वालामुखी राखेत स्ट्रेचरवाल्यांचे पाय घोट्याच्या वर रुतत. न्यू गिनीच्या कोकोडा वाटेवर होडी-गाडी काहीच नव्हते. तिथे ऑस्ट्रेलियन जखमींना पापुअन हमालांनी डोंगरांतून दिवसेंदिवस खांद्यावर वाहिले.

इवो जिमासमोर सॅमॅरिटन आणि सोलेस ही रुग्णालय-जहाजे उभी होती. ६ मार्च १९४५ रोजी जेन केंडी ही परिचारिका विमानाने तिथे उतरली; युद्धभूमीवर उतरलेली नौदलाची ती पहिली हवाई परिचारिका. रुग्णालय-जहाजाची खूण असलेल्या पांढऱ्या रंगाने जहाज वाचतेच असे नाही: २८ एप्रिलला ओकिनावाजवळ कम्फर्ट या रुग्णालय-जहाजावर आत्मघातकी विमान आदळले.

ताप, ऊन, पाणी

गोळीपेक्षा डासांनी जास्त माणसे आडवी केली. ग्वाडालकॅनालमध्ये मलेरियाचे रुग्ण लढाईतल्या जखमींच्या कितीतरी पट होते. जावा जपानच्या हाती गेल्याने क्विनीन तुटले होते, त्याऐवजी अॅटाब्रिन आले. ते कडू, कातडी पिवळी करणारे, आणि त्याने पुरुषत्व जाते अशी अफवा. पोरे गोळी जिभेखाली धरून पुढे जाऊन थुंकत. म्हणून कोअरमन जेवणाच्या रांगेच्या तोंडाशी उभा राही, गोळी स्वतः तोंडात टाकी आणि गिळेपर्यंत पाहत राही. रोज १०० मिलिग्रॅम नेमाने घेतली तर ताप दबून राहतो, हे ऑस्ट्रेलियात केर्न्सला नील हॅमिल्टन फेअरली यांच्या चमूने स्वयंसेवकांवरच्या प्रयोगांतून सिद्ध केले. हेच फेअरली १९२० च्या दशकात मुंबईच्या बॅक्टीरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत, म्हणजे आजच्या हाफकिनमध्ये, नारूवर काम करत होते. तिथेच त्यांना स्प्रू हा आतड्यांचा आजार जडला आणि परतावे लागले.

पेलेलिऊ बेटावर सप्टेंबर १९४४ मध्ये पारा ४६ अंशांपर्यंत गेला. पाणी तेलाच्या जुन्या पिंपांतून आले होते, पिंपे नीट धुतलेली नव्हती. ते प्यायलेले उलट्या करत बसले. तिथे कोअरमनची मिठाच्या गोळ्यांची बाटली मॉर्फिनएवढीच मोलाची ठरली.

डॉक्टर नसलेली जहाजे

पाणबुडीवर डॉक्टर नसे. ११ सप्टेंबर १९४२ रोजी सीड्रॅगन पाणबुडी पाण्याखाली असताना व्हीलर लाइप्स या फार्मासिस्ट्स मेटने एका खलाशाचे अपेंडिक्स काढले. जखम उघडी धरायला वाकवलेले चमचे आणि ईथर द्यायला चहाची गाळणी वापरली. रोगी वाचला. वरिष्ठ डॉक्टरांना हे रुचले नाही, आणि त्यांचा आक्षेप अगदीच चुकीचा नव्हता; ही गोष्ट ऐकून दुसऱ्याने प्रयोग केला असता तर?

सन्मान

या युद्धात सात कोअरमनना मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचे सर्वोच्च लष्करी पदक मिळाले, चौघांना इवो जिमासाठी, तिघांना ओकिनावासाठी. ओकिनावाच्या माएदा कड्यावरून जखमींना दोरीने खाली सोडणारा डेस्मंड डॉस अनेकदा यांच्यातच मोजला जातो, पण तो आर्मीच्या ७७ व्या डिव्हिजनचा मेडिक, आणि शस्त्राला हात न लावणारा. त्याच्या मानपत्रात ७५ जणांचा उल्लेख आहे. इवो जिमाच्या प्रसिद्ध छायाचित्रात झेंडा उभारताना दिसणारा एक जण कोअरमन जॉन ब्रॅडली असल्याचे सत्तर वर्षे मानले गेले. २०१६ मध्ये मरीन कोअरने ती ओळख मागे घेतली. त्याच डोंगरावर आधी उभारलेल्या पहिल्या झेंड्यापाशी मात्र तो होता.

'फार्मासिस्ट्स मेट' हा हुद्दा १९४८ मध्ये बंद झाला आणि त्या जागी 'हॉस्पिटल कोअरमन' आले. मरीन सैनिक एव्हाना त्याला सरसकट 'डॉक' म्हणत होते.