कर्जमंजुरीची प्रणाली आणि वाफेचं इंजिन: आंतरराष्ट्रीय पेटंट अर्जाची पात्रता, कागदपत्रं आणि मुदती

वाफेच्या इंजिनातली सुधारणा असो की ग्राहकांची कर्जं मंजूर करणारी संगणकप्रणाली, पीसीटी म्हणजे पेटंट सहकार्य करारानुसार करायचा आंतरराष्ट्रीय अर्ज एकाच नमुन्यातला असतो. अडतं मात्र वेगवेगळ्या ठिकाणी. इंजिनवाल्याला ‘यात नवीन काय?’ याचं उत्तर द्यावं लागतं. कर्जप्रणालीवाल्याला त्याआधी ‘हा मुळात शोध आहे का?’ हेच पटवून द्यावं लागतं.

अर्जदार करारातल्या एखाद्या देशाचा नागरिक किंवा रहिवासी असावा. कंपनीही अर्ज करू शकते, पण तिथे शोध लावणाऱ्या माणसांनी हक्क कंपनीला लेखी दिलेले असले की पुढचे वाद टळतात. शोध नवा हवा, त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचणारा नको आणि उद्योगात वापरता येणारा हवा. तुम्ही स्वतः आधी जाहीर केलेली माहितीही नावीन्य घालवते. अमेरिकेत त्यासाठी एका वर्षाची सवलत आहे, युरोपात सर्वसाधारणपणे नाही. म्हणून आधी अर्ज, मग प्रात्यक्षिक.

कर्जमंजुरीची खरी परीक्षा पात्रतेतच होते. भारतीय पेटंट कायद्याचं कलम 3(के) व्यवसायपद्धती, गणिती पद्धती आणि अल्गोरिदम यांना शोध मानत नाही. युरोपातही नुसत्या व्यवसायपद्धतीला पेटंट नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ‘अ‍ॅलिस’ खटल्यात सांगितलं, की अमूर्त कल्पना साध्या संगणकावर चालवली म्हणून ती पेटंटयोग्य होत नाही. पीसीटीच्या नियम 39 नुसार तर व्यवसायपद्धतीचा शोध-अहवाल (म्हणजे असं काही आधीच झालंय का, याच्या तपासाचा अहवाल) देण्याचं बंधन तपासणी कार्यालयावर नसतंच.

त्यामुळे दावे, म्हणजे नेमक्या कशावर हक्क हवा ते सांगणारी अर्जातली वाक्यं, कशी लिहिता यावर सगळं ठरतं. ‘उत्पन्न आणि थकबाकी पाहून गुण द्यायचे, ठरावीक गुणांवर कर्ज मंजूर करायचं’ असा दावा लिहिलात तर तो व्यवसायपद्धती म्हणूनच वाचला जाईल. ‘ग्राहकांची माहिती एका जागी न आणता प्रत्येक सर्व्हरवर वेगळी प्रक्रिया करायची आणि फक्त सांकेतिक निकाल पाठवायचा, ज्यामुळे नेटवर्कवरचा भार घटतो’ असं लिहिलंत तर तांत्रिक अडचण आणि तिचा उपाय दोन्ही समोर येतात. मंजुरीची हमी यानेही मिळत नाही, पण बाजू मांडायला जागा मिळते.

इंजिनवाल्यांनी जेम्स वॅटचं उदाहरण जरूर पाहावं. वॅटच्या आधीच्या, न्यूकोमेनने बनवलेल्या वाफेच्या इंजिनात प्रत्येक फेरीला सिलिंडरच थंड करावा लागे, त्यात वाफ वाया जाई. वॅटने वाफ थंड करायला वेगळा कंडेन्सर दिला आणि सिलिंडर गरमच ठेवला. या शोधाला 1769 मध्ये पेटंट मिळालं, पण वर्णनात आकृत्याच नव्हत्या. वर्णन अपुरं आहे, हा आक्षेप 1790च्या दशकात न्यायालयात लढला गेला. पेटंट शेवटी टिकलं, पण आज इतकी जोखीम घेऊ नका. झडपा, नळ्या, दाब, तापमान सगळं असं लिहा, की वाचणारा जाणकार ते यंत्र बनवू शकेल.

कागदपत्रांत विनंतीपत्र, सविस्तर वर्णन, किमान एक दावा, गरज असेल तिथे आकृत्या आणि सारांश येतो. इंग्रजीतला सारांश साधारण 50 ते 150 शब्दांचा असावा. अर्ज आपल्या देशाच्या पेटंट कार्यालयात किंवा थेट जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय ब्यूरोकडे करता येतो. काही देशांत परदेशी अर्जाआधी सरकारी परवानगी लागते, ती आधी तपासा.

पहिल्या राष्ट्रीय अर्जाची अग्रक्रम तारीख (म्हणजे शोध नवा आहे का हे ज्या दिवसापासून मोजतात ती) टिकवायची तर 12 महिन्यांत आंतरराष्ट्रीय अर्ज करावा. त्याच तारखेपासून 18 महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो आणि साधारणपणे 30 महिन्यांत (भारतात आणि युरोपात 31) प्रत्येक देशात स्वतंत्रपणे दाखल व्हावं लागतं. पीसीटी स्वतः पेटंट देत नाही, निर्णय ज्या त्या देशाचं कार्यालय घेतं. कर्जप्रणालीच्या बाबतीत हे निर्णय देशागणिक बदलू शकतात आणि मूळ अर्जात नसलेली नवी माहिती नंतर घालता येत नाही. म्हणून तांत्रिक परिणाम दाखवणारे पर्यायी तपशील पहिल्याच वर्णनात लिहून ठेवा.