लाइट गेल्यावर लॉग कुठे जातो : पार्श्वभूमी

वणी-पांढरकवड्याकडच्या एखाद्या जिनिंगमध्ये काट्याचा कॉम्प्युटर लिनक्सवर असला, की हंगामात ही तक्रार ठरलेली. रात्री वजनाची सर्व्हिस (मागे सतत चालणारा प्रोग्राम) बंद पडली, मध्यंतरी लाइट गेली नि आली, आणि सकाळी मागच्या बूटचा, म्हणजे लाइट जाण्याआधीचा, लॉग मागितला तर कायमस्वरूपी जर्नलच (नोंदींची फाइलच) सापडत नाही. सर्व्हिस का पडली हे शोधायचं कशावरून?

जुन्या पद्धतीत सर्व्हिस शेल स्क्रिप्टने सुरू व्हायच्या आणि नोंदी सिसलॉग या नोंदी गोळा करणाऱ्या प्रोग्राममार्फत साध्या मजकुराच्या फाइलीत जायच्या. 2006 मध्ये उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात सर्व्हिस सुरू करणारं अपस्टार्ट आलं, 2010 मध्ये त्याच कामाचं सिस्टमडी जाहीर झालं आणि 2011 मध्ये फेडोरा या दुसऱ्या प्रकाराने ते स्वीकारलं. डेबियन या आणखी एका प्रकारात 2014 साली तांत्रिक समितीची मतं चार-चार अशी फुटली. अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी आलं. त्या निकालावर नाराज झालेल्यांनी वेगळी चूल मांडली.

आपल्यासाठी महत्त्वाचा वाद मात्र जर्नलचा, म्हणजे सिस्टमडीच्या स्वतःच्या नोंदवहीचा. नोंदी साध्या मजकुराऐवजी बायनरी स्वरूपात ठेवायच्या, हा प्रस्ताव 2011 च्या अखेरीस आला. बाजूने सांगितलं गेलं, की सिसलॉगमध्ये कोणताही प्रोग्राम कोणत्याही नावाने लिहू शकतो. जर्नलमध्ये नोंद कोणत्या प्रोसेसची, कोणत्या सर्व्हिसची, हे पक्कं कळतं. ते खरंच आहे. विरोधकांचं म्हणणं होतं, की ग्रेप-टेल या मजकूर वाचायच्या नेहमीच्या कमांडनी वाचता न येणारी फाइल अर्धवट लिहिली गेली तर हाती काय उरणार? जिथे वीज कधी जाईल याचा नेम नाही, तिथे हा प्रश्न जास्त रास्त ठरतो. नीट बंद न झालेली जर्नल फाइल पुढच्या वेळी नावाच्या शेवटी ~ लावून बाजूला ठेवली जाते. ती बहुतांशी वाचता येते, पण शेवटचा भाग हमखास मिळेलच असं नाही.

खरा घोळ मूळ सेटिंगने केला. '/व्हार/लॉग' मध्ये जर्नलची डिरेक्टरी नसेल, तर सगळ्या नोंदी रॅममध्ये राहायच्या आणि रीबूटबरोबर पुसल्या जायच्या. डेबियनमध्ये ही डिरेक्टरी आपोआप मिळू लागली ती 2021 च्या अकराव्या आवृत्तीपासून. तोवर आरसिसलॉगची (सिसलॉगच्याच एका प्रकाराची) मजकुराची फाइल सोबतीला असायची. 2023 च्या बाराव्या आवृत्तीत तीही मूळ इन्स्टॉलमधून गेली.

डिरेक्टरी असली तरी नोंदी दर पाच मिनिटांनी डिस्कवर पक्क्या होतात. 'क्रिटिकल' आणि त्याहून गंभीर दर्जाच्या तेवढ्या लगेच लिहिल्या जातात. सर्व्हिस पडल्याची साधी 'एरर' त्यात येत नाही. म्हणजे लाइट जाण्याआधीचे नेमके हवे ते क्षण निसटू शकतात. हा अवधी सेटिंगमध्ये कमी करता येतो. मेमरी कार्डावर चालणाऱ्या छोट्या बोर्डांवर मात्र त्याने कार्डाची झीज वाढते, म्हणून तिथे कित्येक जण अजूनही नोंदी रॅममध्येच ठेवतात.