खवळलेल्या आणि थकलेल्या पेशी: सेप्सिसमध्ये रक्तात काय घडतं

सेप्सिसच्या दोन रुग्णांचे रक्ताचे रिपोर्ट शेजारी ठेवले, तर एकाच्या पांढऱ्या पेशी घनमिलिमीटरला 25,000 भरू शकतात आणि दुसऱ्याच्या जेमतेम 2,000. निरोगी माणसात हा आकडा साधारण 4,000 ते 11,000 असतो. एकाचा आकडा दुपटीहून जास्त वाढलेला, दुसऱ्याचा निम्म्यावर घसरलेला, आणि तरी आजार एकच. पेशी घसरलेला रुग्ण तर बऱ्याचदा जास्त धोक्यात असतो.

सेप्सिस म्हणजे जंतू रक्तात पसरणं, असा समज सर्रास आढळतो. पण कितीतरी रुग्णांच्या रक्तात तपासूनही जंतू सापडत नाहीत. संसर्ग फुफ्फुसात असेल, मूत्रमार्गात असेल किंवा पोटात. शरीर त्याला जो प्रतिसाद देतं त्याचं ताळतंत्र सुटतं आणि संसर्गापासून दूर असलेले अवयवही निकामी होऊ लागतात. 2016 साली ठरलेल्या व्याख्येचा भर नेमका यावरच आहे. 2017 या एका वर्षात जगभरात सुमारे 4 कोटी 89 लाख लोकांना सेप्सिस झाला आणि त्यातले 1 कोटी 10 लाख दगावले, असा अंदाज आहे. जगातल्या दर पाच मृत्यूंपैकी जवळपास एक.

सगळ्यात आधी धावतात त्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. अस्थिमज्जा रोज सुमारे 10,000 कोटी न्यूट्रोफिल तयार करते आणि एरवी त्या रक्तात फार काळ टिकत नाहीत. सेप्सिसमध्ये मागणी इतकी वाढते की पूर्ण वाढ न झालेल्या पेशीही अस्थिमज्जेतून बाहेर ढकलल्या जातात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या लगेच ओळखू येतात: प्रौढ पेशीचं केंद्रक पाळ्यांमध्ये विभागलेलं दिसतं, या कोवळ्या पेशींचं मात्र वाकलेल्या पट्टीसारखं सलग. अडचण अशी की रक्तातली गर्दी वाढली तरी संसर्गाच्या जागी पोचणाऱ्या पेशी कमी पडतात. त्यांची दिशा ओळखण्याची क्षमता मंदावते. शिवाय त्या ताठर होतात. फुफ्फुसातल्या केशवाहिन्या न्यूट्रोफिलपेक्षाही अरुंद असतात. लवचिक पेशी त्यातून अंग चोरून निघून जाते, ताठर झालेली तिथेच अडकते. रिपोर्टमधला आकडा घसरण्यामागे हे अडकणं हे एक कारण असतं आणि पुरवठा करून दमलेली अस्थिमज्जा हे दुसरं.

न्यूट्रोफिलचं आणखी एक शस्त्र 2004 मध्ये बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं. ही पेशी स्वतःचा डीएनए बाहेर फेकून त्याचं जाळं पसरते. जाळ्यावर जंतूंना मारणारी प्रथिनं चिकटलेली असतात. जंतू त्यात सापडतात हे खरं, पण रक्तवाहिनीचं नाजूक अस्तरही त्या प्रथिनांनी पोळतं आणि प्लेटलेट अडकून बारीक गुठळ्या होतात. मूत्रपिंडासारख्या अवयवाला रक्त कमी पडण्यात या गुठळ्यांचा मोठा वाटा आहे.

इतकं नुकसान होत असेल तर हा प्रतिसाद दाबूनच का टाकू नये? या प्रश्नाचं उत्तर काही उंदरांनी दिलं आहे आणि मला ते या विषयातलं सर्वांत बोलकं उत्तर वाटतं. काही जिवाणूंच्या बाह्य आवरणात एंडोटॉक्सिन नावाचं द्रव्य असतं. त्याची मोठी मात्रा टोचली तर साधा उंदीर मरतो, पण उंदरांच्या एका जातीला काहीच होत नाही. 1998 मध्ये ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने त्याचं कारण शोधलं: एंडोटॉक्सिन ओळखणारं टीएलआर-4 हे प्रथिन या उंदरांत बिघडलेलं असतं. या शोधमालिकेसाठी ब्यूटलर यांना 2011 च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पण हेच उंदीर जिवंत साल्मोनेला जिवाणूंपुढे मात्र साध्या उंदरांपेक्षा खूप लवकर हार मानतात. ज्या इशाऱ्याने शरीर स्वतःला इजा करून घेतं, त्याच इशाऱ्यावाचून ते जंतूंशी लढू शकत नाही.

1990 च्या दशकात दाह भडकवणाऱ्या टीएनएफ या रेणूला रोखणारी औषधं सेप्सिसच्या हजारो रुग्णांवर तपासली गेली. ठोस फायदा दिसला नाही. 1996 मधल्या एका चाचणीत तर औषधाच्या वाढत्या मात्रेबरोबर मृत्यूही वाढले. डॉक्टर ज्याला दाहाचं वादळ म्हणत होते, ती या आजाराची एकच बाजू होती.

दुसरी बाजू मोनोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींमध्ये दिसते. जंतूंचे तुकडे इतर पेशींना दाखवायचे, हे त्यांचं एक महत्त्वाचं काम. त्यासाठी त्यांच्या पृष्ठभागावर एचएलए-डीआर नावाचे रेणू असतात, निरोगी माणसात एका पेशीवर 15,000 किंवा जास्त. सेप्सिसमध्ये ही संख्या 8,000 च्याही खाली जाऊ शकते. अशा रुग्णाचं रक्त काढून त्यात एंडोटॉक्सिन मिसळलं तरी मोनोसाइट थंड राहतात, टीएनएफ पुरेसं बनवत नाहीत. मुख्य म्हणजे हा थकवा वादळ शमल्यानंतरच येतो असं नाही. दोन्ही गोष्टी एकाच रक्तात, एकाच दिवशी सापडतात.

लिम्फोसाइट या आणखी एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची स्थिती याहून वाईट असते. त्या मोठ्या संख्येने स्वतःहून मरतात. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, सेप्सिसने मृत्यू पावलेल्या 40 रुग्णांच्या प्लीहेतल्या आणि फुफ्फुसातल्या पेशी मृत्यूनंतर 30 ते 180 मिनिटांत काढून तपासल्या. चेतवूनही त्या पेशी अगदी कमी प्रमाणात संदेशरेणू बनवत होत्या. याचे परिणाम आयसीयूत रोज दिसतात. पहिला संसर्ग आटोक्यात येतो, पण मग एरवी निरुपद्रवी ठरणारे जिवाणू आणि बुरशी डोकं वर काढतात; शरीरात वर्षानुवर्षं निपचित असलेले नागिणीच्या कुळातले विषाणूही जागे होतात. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट, पाहताना एकूण आकड्यावर नजर जाते, पण लिम्फोसाइटचा आकडा चौथ्या-पाचव्या दिवशीही वर येत नसेल, तर ती गंभीर खूण मानली पाहिजे.

सुरुवातीचे उपचार यामुळे बदलत नाहीत. अँटिबायोटिक लवकर सुरू करणं, सलाइन आणि औषधांनी रक्तदाब सावरणं, संसर्गाचा उगम काढून टाकणं, यांना पर्याय नाही. शॉकमधल्या, म्हणजे रक्तदाब धोकादायक घसरलेल्या, रुग्णाला अँटिबायोटिक पहिल्या तासातच मिळावं लागतं. बदलतोय तो नंतरचा विचार. जर्मनीत 2009 मध्ये 38 रुग्णांच्या चाचणीत, एचएलए-डीआर कमी झालेल्यांनाच निवडून त्यातल्या काहींना पेशींना चेतवणारं जीएम-सीएसएफ दिलं आणि त्यांचे मोनोसाइट पुन्हा कामाला लागले. 2018 मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेत 27 रुग्णांच्या चाचणीत लिम्फोसाइटना चेतवणारं इंटरल्युकिन-7 दिलेल्यांचे लिम्फोसाइट तीन ते चार पटींनी वाढले. जीव वाचतात का, हे ठरवायला दोन्ही चाचण्या फार लहान होत्या. तरी रुग्णाच्या पेशी कोणत्या अवस्थेत आहेत हे आधी मोजायचं आणि मग औषध निवडायचं, हा मार्ग मला पटतो. त्यासाठी एचएलए-डीआरची मोजणी सीबीसीइतकी सहज व्हायला हवी. आज तिला फ्लो सायटोमीटर हे पेशी एकेक करून तपासणारं यंत्र लागतं, रक्ताचा नमुना थंड ठेवून लवकर तपासावा लागतो, आणि सेप्सिसमधले सगळ्यात जास्त मृत्यू जिथे होतात त्या गरीब देशांतल्या बहुतेक रुग्णालयांत ते यंत्रच नाही.