घोड्याच्या अंगावरची गाठ: डागणीपासून तिळाच्या तेलातल्या इंजेक्शनपर्यंत

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा घेताना आपली माणसं काय काय बघतात, भोवरे बघतात, देवमण (गळ्यावरचा शुभ भोवरा) आहे का, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं) आहे का, दात बघून वय काढतात, चाल बघायला तापीकाठच्या रेतीत पळवून आणतात. पण शेपटी उचलून खाली बघणारं, मांडीच्या आतून हात फिरवणारं गिऱ्हाईक मी तरी फार कमी पाहिलं. आणि गाठी नेमक्या तिथंच असतात.

आमच्या काकांच्या घोडीला मांडीच्या आत चामखिळीसारखं काहीतरी आलं होतं, शेंगदाण्याएवढं. गावातल्या एका जाणत्या माणसाने सांगितलं, "डाग दी दे भाऊ, बरं व्हई जाई." दिला डाग. दोन-तीन महिन्यांत तिथं फुलकोबीच्या गड्ड्यासारखं लाल, ओलं मांस वर आलं, माश्या हटेनात, आणि घोडी तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) बांधू देईना. चूक त्या माणसाची म्हणवत नाही, कारण त्याच्या मागे खूप जुनी परंपरा उभी आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय आजचे उपाय का असे आहेत ते कळत नाही.

आपल्याकडे घोड्याचा वैद्य म्हणजे सालोत्री. हा शब्द शालिहोत्र या नावावरूनच आलाय, घोड्यांच्या शास्त्राचा आद्य आचार्य मानतात त्यांना. गाठीवर उपाय तीन: शस्त्र, क्षार, अग्नी. म्हणजे कापा, जाळणारं औषध लावा, नाहीतर डागा. मोरचूद लावणं आणि तापलेली सळई टेकवणं हे त्याच घराण्यातलं. पण सुश्रुताने माणसाच्या अर्बुदाबद्दल, म्हणजे ट्यूमरच्या गाठीबद्दल, लिहिताना स्पष्ट सांगून ठेवलंय की थोडं जरी शिल्लक राहिलं तरी ते लवकर पुन्हा वाढतं. परंपरेतला डाग तेवढा आपण उचलला, हा इशारा मात्र मागेच राहिला, याचं मला फार वाईट वाटतं.

पुढे इंग्रजांच्या घोडदळातले डॉक्टर आले. त्यांना पावसाळ्यात घोड्यांच्या अंगावर न भरणाऱ्या, मांस वाढलेल्या जखमा दिसायला लागल्या, सईस लोक, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, त्याला 'बरसाती' म्हणायचे, तर साहेबांनी तोच शब्द उचलून आपल्या पुस्तकांत घातला. मग कित्येक वर्षं वाद, कुणी म्हणे कॅन्सर आहे, कुणी म्हणे बुरशी. १८८४ मध्ये स्मिथ नावाच्या लष्करी पशुवैद्याने बुरशीची बाजू मांडली. १८८६ साली मुंबईत परळला पशुवैद्यकीय कॉलेज निघालं तेव्हाही हा गोंधळ मिटलेला नव्हता. आज माहितीय की बरसाती नावाखाली निदान दोन वेगळे आजार होते: एक, माशी जखमेवर सोडते त्या हॅब्रोनिमा जंताच्या अळ्यांचा, आणि दुसरा, साचलेल्या पाण्यातल्या पिथियम नावाच्या बुरशीसारख्या जीवाचा. पहिल्याला आयव्हरमेक्टिन हे जंतांचं औषध लागू पडतं, दुसऱ्याला पडत नाही. दोन्ही ट्यूमर नाहीत, पण बघणाऱ्याला अगदी ट्यूमरच वाटतात, म्हणून हे इथं सांगितलं.

खऱ्या ट्यूमरमध्ये घोडा, गाढव, खेचर यांच्यात सगळ्यात जास्त दिसतो तो सारकॉइड, म्हणजे कातडीतला ट्यूमर. हे नाव १९३६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जॅक्सनने दिलं. आतल्या अवयवांत तो सहसा पसरत नाही, पण जागच्या जागी चिवट असतो. मग १९५१ मध्ये अमेरिकेत ओल्सन आणि कुक यांनी एक साधा प्रयोग केला, गाईच्या चामखिळीचा अर्क घोड्याच्या कातडीत टोचला, आणि तिथं सारकॉइडसारख्याच गाठी आल्या! पुढे १९७० च्या दशकात सारकॉइडमध्ये गाईच्या पॅपिलोमा व्हायरसचा, म्हणजे चामखीळ आणणाऱ्या व्हायरसचा, डीएनए सापडला, टाइप १ आणि २. आता आपल्याकडचा गोठा डोळ्यासमोर आणा, गाय, बैल, घोडी एकाच दावणीला, त्याच माश्या इकडून तिकडे. व्हायरस माश्यांवरही सापडलाय, त्यामुळे त्याच नेत असाव्यात असा दाट संशय आहे. जखम झाली की तिथं सारकॉइड यायची शक्यता वाढते. अर्धवट कापलं, खरवडलं, डागलं तर कडेला राहिलेल्या पेशी आणखी जोरात वाढतात, आमच्या घोडीचं हेच झालं.

रंगाचाही संबंध आहे. सब्जा घोडा, म्हणजे जन्मतः गडद आणि वयाबरोबर पांढरा होत जाणारा, कातडी मात्र काळी, याला शेपटीखाली मेलॅनोमाच्या, म्हणजे रंगाच्या पेशींच्या ट्यूमरच्या, काळ्या गाठी येतात, १५ वर्षांवरच्या सब्ज्यांमध्ये ७०-८० टक्क्यांना. २००८ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी कारण शोधलं, एसटीएक्स१७ जीनमधला डीएनएचा एक तुकडा दोनदा आलेला असतो, जो रंग उडवतो तोच गाठीही आणतो. नुकऱ्याची गोष्ट वेगळी, तो जन्मापासून पांढरा आणि कातडी गुलाबी. यात्रेत त्याला भाव भारी, पण आपल्या खानदेशच्या उन्हात, ४५ च्या पाऱ्यात, त्या गुलाबी कातडीला डोळ्याच्या कडेला कॅन्सर व्हायचा धोका जास्त. नुकरा पाळायचा तर सावलीला बांधा, डोळ्यांवर झापड घाला, एवढं तरी कराच.

आता उपचार. १९७० च्या दशकात लिक्विड नायट्रोजनने गोठवणं आलं, उणे १९६ डिग्रीचं. त्याच सुमारास बीसीजी आलं, हो, आपल्या बाळांना टीबीसाठी टोचतात तेच. गाठीतच टोचायचं म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती तिथं धावून येते. डोळ्याजवळ जिथं कापता येत नाही तिथं ते चांगलं चाललं, पण पुढच्या डोसांना जबरदस्त रिअ‍ॅक्शन येऊ शकते म्हणून डॉक्टर समोर हवाच. मेलॅनोमासाठी १९९० च्या आसपास सिमेटिडीन हे अ‍ॅसिडिटीचं औषध देऊन बघितलं, कुणाला गुण आला, कुणाला नाही.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सिस्प्लॅटिन या कॅन्सरच्या औषधाची. १९६५ मध्ये रोझेनबर्ग नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ विजेचा बॅक्टेरियावर काय परिणाम होतो ते बघत होते, तर प्लॅटिनमच्या काड्यांमधून निघालेल्या द्रव्याने बॅक्टेरियांचं विभाजनच थांबलं. १९७८ मध्ये ते अमेरिकेत माणसाच्या कॅन्सरवर मंजूर झालं. पण घोड्याच्या गाठीत पाण्यातून टोचलं तर लगेच पसरून जातं, म्हणून कॅलिफोर्नियात थेऑन आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ते चक्क तिळाच्या तेलात घोटून टोचलं! तेलामुळे औषध गाठीतच टिकतं. साधारण दोन-दोन आठवड्यांनी चार वेळा, गरज असेल तर आधी गाठ कापून. औषध विषारी आहे, हातमोजे लागतात, गरोदर बाईने जवळ जायचं नाही, आणि हे घरी करायचं काम नाहीच.

काकांच्या घोडीला शेवटी पशुवैद्यांनी आजूबाजूची चांगली कातडी धरून गाठ कापली आणि मग हेच इंजेक्शन दिलं. दीड वर्ष झालं, जागा सपाट आहे, केस पांढरे आलेत. बैल आता वेगळ्या छपरात बांधतो, आणि काका रोज खरारा करताना मांडीच्या आतून हात फिरवतात.